निरोपाच्या स्मरणिकेत एमबीबीएसच्या वर्गमित्रांची विनोदी शब्दचित्रे कोणालाही न दुखावता कशी लिहावीत?

आपण लिहिले आहे की इंटर्नशिप संपताना निघणाऱ्या स्मरणिकेत प्रत्येक वर्गमित्रावर चार ओळी लिहिण्याचे काम आपल्यावर आले आहे, आणि त्या कोणाला बोचू नयेत, पण मिळमिळीतही होऊ नयेत, अशी आपली अडचण आहे. हेच काम मार्च २०१५ मध्ये सोलापुरात माझ्यावर आले होते. माझी पात्रता एवढीच की वडापावच्या मोबदल्यात मी अर्ध्या वर्गाची जर्नले लिहून दिली होती आणि त्यामुळे माझे अक्षर सर्वांच्या परिचयाचे होते. कॉलेजचे आणि मित्रांचे नाव येथे घेत नाही, कारण त्यांतील बहुतेक जण आता पाटी लावून बसलेले आहेत आणि त्यांच्या रुग्णांनी हे वाचावे असे त्यांना वाटेलच याची खात्री नाही. टोपणनावांवर भागवतो.

माझी पहिली चूक अशी की मी फिशपाँडच्या सवयीने लिहायला बसलो. गॅदरिंगच्या फिशपाँडमध्ये चिठ्ठी कोणी टाकली हे कोणाला कळत नाही, म्हणून तेथे काहीही खपून जाते. स्मरणिकेत मात्र ते कागदावर राहते, घरी जाते आणि आई-वडील वाचतात. शिवाय फिशपाँडच्या ओळी कोणालाही चिकटतात. पहिल्या रात्रीत मी तीस जण लिहून काढले आणि सकाळी वाचले, तेव्हा ‘झोपाळू’ हा शब्द अकरा जणांना लागला होता आणि ‘मेसच्या जेवणाचा शत्रू’ नऊ जणांना. नाव झाकून वाचल्यावर माणूस ओळखू येत नसेल तर ती ओळ फाडावी, असे मी त्या दिवशी ठरवले आणि तीसही कागद फाडले. त्यानंतर मी कोणाचाही स्वभाव लिहायच्या भानगडीत न पडता प्रत्येकाची एकच घडलेली गोष्ट आठवायला लागलो. ती आठवली की चार ओळी आपोआप होत होत्या.

सर्वांत सोपा गेला तो ‘ग्लॅबेला’. पहिल्या वर्षी त्याला होस्टेल मिळाले नव्हते, म्हणून तो बाळीवेशीजवळच्या एका जुन्या वाड्यात खोली घेऊन राहत होता. सीनियरकडून विकत घेतलेला हाडांचा संच त्याने पत्र्याच्या ट्रंकेत, पांघरुणाखाली लपवून ठेवला होता. एके दिवशी ट्रंक उघडी राहिली आणि मालकीणआजी नेमक्या दुधाचे पैसे मागायला आल्या. खोली सोडावी लागणार या भीतीने हा पांढरा पडला; पण आजी ट्रंकेपाशी बसल्या आणि त्यांनी शांतपणे विचारले, “बाई का बाप्या?” आदल्याच आठवड्यात कवटीवरून स्त्री-पुरुष कसे ओळखावे हे झाले होते. त्यामुळे भुवयांच्या वरचा उंचवटा कसा सपाट आहे, कानामागचे हाड कसे लहान आहे, हे त्याने मोठ्या उत्साहाने दाखवून “बाई असावी, आजी,” असे सांगितले. त्या शुक्रवारी तो कॉलेजातून परतला तेव्हा कवटीच्या दोन भुवयांच्या मधोमध हळदकुंकू लावलेले होते. आजींचे म्हणणे असे पडले, की सवाष्ण म्हणून गेली असली तर तिचे कपाळ मोकळे कसे ठेवायचे?

स्पिरिटने कुंकू पुष्कळसे निघाले, हळद काही निघाली नाही. पुढच्याच चाचणीत सरांनी ती कवटी उजेडात धरली आणि हे कोणी लावले, असे विचारले. त्याने खरे ते सांगितले. “कुठे लावलंय?” या प्रश्नावर तो “कपाळाला, सर” म्हणाला आणि सर म्हणाले, “कपाळाला तर सगळेच लावतात. बिंदूचं नाव सांग.” ते त्याला आले नाही. त्या दिवसापासून आमच्या वर्गात ग्लॅबेला हा दोन भुवयांमधला बिंदू कोणीही विसरलेले नाही. स्मरणिकेत मी लिहिले: ‘ग्लॅबेला दाखव म्हटले की हा आजही कपाळाला हात लावतो, आणि परीक्षकांना वाटते की पोरगा नशिबाला दोष देतो आहे.’ छापले नाही ते असे, की वर्ष संपल्यावर त्याने तो संच ज्युनियरला विकला तेव्हा आजींचा निरोपही सोबत दिला, की शुक्रवारचे विसरू नये. ज्युनियर तो पाळत असे की नाही, हे विचारण्याचे धाडस आमच्यापैकी कोणी केले नाही.

‘सारांश’ हा अक्कलकोट तालुक्यातील मुलगा. सोलापूरच्या वॉर्डात रुग्ण मराठी बोलेल असे गृहीत धरता येत नाही. सीमेपलीकडून येणारा कन्नड बोलतो, शहराच्या पूर्व भागातून येणारा तेलुगू आणि अधूनमधून दख्खनी. पुण्या-मुंबईच्या मुलांची यात पंचाईत होत असे, आणि ज्याला घरातच कन्नड आणि मराठी दोन्ही मिळाल्या तो सारांश आमचा दुभाषा झाला. “एन आग्यद, अव्वा?” (काय झालंय, आई?) असे त्याने विचारायचा अवकाश, की म्हाताऱ्या बायका त्याचा हात धरून दहा-दहा मिनिटे बोलत, रडत, मध्येच हसत, आम्ही वहीपेन घेऊन उभे असू, आणि बोलणे संपल्यावर हा आमच्याकडे वळून सांगे, “खोकला आहे.” एकदा मेडिसिनच्या सरांनी त्याला अडवून विचारले, की बाई एवढे बोलल्या आणि तू दोन शब्दांत आटोपलेस, बाकीचे काय होते? तो म्हणाला, “सर, बाकीचं सुनेबद्दल होतं.” सरांनी सुनेबद्दलचेही सांगायला लावले. तेव्हा कळले की बाईंची मुख्य तक्रार अशी होती, की त्या तेरा वर्षांच्या होऊन सासरी आल्या तेव्हापासून चुलीपुढे बसल्या, आणि सून आली तरी चूल काही सुटली नाही. जन्मात विडीला हात न लावलेल्या त्या बाईंना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट श्वासविकार, होता आणि त्याचे कारण ती चूल होती. ‘सून हीच केस हिस्ट्री आहे,’ असे सर म्हणाले आणि सारांश त्या दिवसापासून सुनांसकट भाषांतर करू लागला, इतके की आम्हांला जेवायला उशीर होऊ लागला. ही गोष्ट मी जशीच्या तशी छापली. त्यात त्याची फजितीही आहे आणि बाईंनी हात धरलेला आहे, तोही आहे. आणखी काही लिहिण्याची गरज नव्हती.

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची आहे. आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिला आम्ही ‘हजारी’ म्हणत असू. तिची आई विडी कामगार होती. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात: भिजवलेले तेंदूचे पान साच्याच्या मापाने कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड मुडपायचे, असे हजार वेळा केले की हजार विड्यांची मजुरी. ही मुलगी लहानपणापासून आईला हातभार लावत आली होती. सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये गाठी मारायला शिकवल्या, तेव्हा आमची बोटे दोऱ्यात अडकून एकमेकांशी भांडत होती आणि हिने एका हाताने गाठ बसवून दुसऱ्या गाठीला सुरुवातही केली होती. पुढे तिला गाठींचे वेडच लागले. होस्टेलच्या खुर्च्यांचे पाय, पिशव्यांचे बंद, पडद्यांच्या दोऱ्या, सर्वांवर तिचा सराव चाले. दुपारच्या लेक्चरला पुढच्या बाकावर घोरणाऱ्या मुलाच्या बुटाच्या नाड्या तिने बाकाच्या पायाला अशा बांधल्या, की त्याला अनवाणी बाहेर जावे लागले आणि गाठी सोडवायला तिलाच बोलवावे लागले.

तिच्यावर लिहिताना मी फार विचार केला आणि स्वतःला फार समंजस समजून विडीचा उल्लेखच टाळला. ‘वाऱ्याच्या वेगाने चालणारी बोटे’ असे काहीतरी गुळगुळीत लिहिले. प्रूफ वाचून ती माझ्याकडे आली आणि तिने विचारले, “माझी आई का गाळलीस?” मी चाचरत सांगितले, की तुला वाईट वाटेल असे वाटले. ती म्हणाली, “मला हजारी म्हणताना पाच वर्षं वाईट वाटलं नाही तुम्हांला, आणि छापताना वाटलं होय? बोटं वाऱ्यानं शिकवली नाहीत, आईनं शिकवली. हजार विड्या लिही.” मी लिहिले. निरोपाच्या दिवशी तिची आई आली होती. मराठी वाचायला तिला वेळ लागत होता, म्हणून मुलीनेच तो मजकूर तिला तेलुगूत सांगितला. माउलीने माझ्याकडे पाहून हाताच्या बोटांनी विडी वळल्याची खूण केली आणि हसली. कोणाला दुखवायचे नाही म्हणून आपण जे झाकतो ते त्या माणसाला झाकायचे आहे की नाही, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. मी ती वाचवली होती, त्यामुळे प्रूफ दोनदा करावे लागले.

‘संदर्भग्रंथ’ ही आमच्या वर्गात पहिली येणारी. परीक्षकाने प्रश्न अर्ध्यावर आणला की ती उत्तर पूर्ण करून वर अपवादही सांगत असे. अशा माणसांवर विनोद करणे अवघड असते, कारण लिहिणाऱ्याची असूया ओळीत उतरते. मी दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा ती उतरलीच. शेवटी तिने स्वतःच मला इंटर्नशिपमधील पहिली रात्र सांगितली. बंद पडलेल्या एका मिलमधील निवृत्त कामगार दाखल झाले होते आणि त्यांना सलाईन लावायचे होते. हाताच्या शिरांची सर्व नावे जिला पाठ होती तिला त्यांतली एकही सापडेना. तीन वेळा सुई चुकली, तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते आजोबा तिला म्हणाले, “घाबरू नको, बाळ. अजून एक हात आहे.” दुसऱ्या हाताला सलाईन लागले, तेही वॉर्डमधल्या मामांनी टॉर्च धरून, शीर बोटाने चाचपडून दाखवली तेव्हा. पुढे तिने मामांकडे महिनाभर शिकवणी लावली. फी म्हणून रोज सकाळचा चहा. स्मरणिकेत तिच्या छायाचित्राखाली मी फक्त आजोबांचे वाक्य छापले. सुवर्णपदकाचा उल्लेख केला नाही, आणि तो न केल्याबद्दल तिने माझे आभार मानले. तिच्या वडिलांनी मात्र मानले नाहीत.

काही जणांना एक ओळ पुरली. मुंबईहून आलेली ‘दादर’ पहिल्या दिवशी कोणीतरी “काय बे” म्हटल्यावर रडत होस्टेलवर गेली होती. तिला पाण्याचा दिवस (नळाला पाणी येण्याचा), मे महिन्यातला ४३ अंशांचा पारा आणि कडक भाकरी यांचा अर्थ समजायला वर्ष गेले. अंतिम वर्षी राउंडमध्ये तिने प्रमुखांना गंभीर चेहऱ्याने, अस्सल सोलापुरी बोलीत सांगितले, “सर, पेशंट रात्रीपासून उलट्या करूलालाय.” तिच्यावर मी एवढेच लिहिले, की सोलापूरने एक मुंबईकर बरा केला. ‘मंगळवेढा’ हा पैलवानी देहाचा मुलगा शेंगाचटणीच्या डब्यावर अख्खी नाइट ड्यूटी जगवत असे, आणि पहिली प्रसूती पाहताना तो कोसळला तेव्हा कळा देणाऱ्या बाईनेच “त्या पोराला आधी पाणी द्या” असे सिस्टरला सांगितले होते. आषाढीला पंढरपुरात ड्यूटी लागली, तेव्हा वारकऱ्यांच्या पायांचे फोड साफ करत तो दोन दिवस मांडी घालून बसला. फोड साफ झालेला प्रत्येक जण उठताना “माउली” म्हणून उलट त्याच्याच पाया पडे, आणि हा प्रत्येक वेळी गडबडून उठायचा प्रयत्न करी.

‘कोटणीस’ला मात्र जागा द्यावी लागली, कारण त्याने पाच वर्षे व्यासपीठावर आम्हांला फार जागा व्यापून दाखवली होती. डॉ. द्वारकानाथ कोटणीस मूळचे सोलापूरचे, १९१० मध्ये येथेच जन्मलेले. १९३८ मध्ये भारताने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिकडेच वारले. भैय्या चौकात त्यांचे स्मारक आहे. आमच्या मित्राचे प्रत्येक भाषण तेथून सुरू होई. स्वातंत्र्यदिन असो, रक्तदान शिबिर असो, व्हॉलीबॉलचे बक्षीस असो. एकदा तर मेसच्या बैठकीत वरण पातळ असल्याची तक्रार करताना त्याने चीनमधील युद्धभूमीवरच्या जेवणापासून आरंभ केला होता. मी लिहिले: ‘याला कोणीतरी चीनचे एकमार्गी तिकीट काढून द्या, वर्गणी आमच्याकडे तयार आहे.’ त्या वेळी सारा हॉल हसला, तोही हसला. पुढे बंधपत्राची एक वर्षाची ग्रामीण सेवा करायला तो एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला. सपाट प्रदेशात असे एक केंद्र साधारण तीस हजार लोकांसाठी असते, आणि तेथे नेमलेले आमच्यापैकी बहुतेक जण दिवस मोजत होते. तो मात्र एका वर्षाऐवजी सहा वर्षे राहिला. ती ओळ परत घ्यावी असे मला वाटत नाही, पण आज लिहिली असती तर ‘एकमार्गी’ हा शब्द अधिक सांभाळून लिहिला असता.

एक ओळ मात्र परत घ्यावीशी वाटते. आमच्यातला एक जण अंतिम परीक्षेत एका विषयात राहिला आणि सहा महिने मागे पडला. त्याच्याबद्दल काय लिहावे ते सुचेना, म्हणून मी लिहिले की याचे चित्र पुढच्या बॅचच्या स्मरणिकेत पाहावे. त्याने तेही हसून घेतले, मला टाळीही दिली. पुढच्या बॅचची स्मरणिका निघाली, तीत तो अर्थातच नव्हता, कारण ती मुले त्याला ओळखत नव्हती. अशा रीतीने आमच्या शंभरांत ज्याचे चित्र कोठेच नाही असा तो एकटा राहिला. खरे तर त्याची गोष्ट माझ्याजवळ होती: मला कावीळ झाली तेव्हा स्वतःचा अभ्यास सोडून तो पंधरा दिवस माझ्यासाठी मेसमधून बिनतेलाची भाजी करवून आणत होता, आणि मेसच्या मामांशी भांडताना काविळीच्या तपासणीतले माझे बिलीरुबिनचे आकडे बाजारभावासारखे ओरडून सांगत होता. ‘सुचेना’ हे कारण मी त्या वेळी स्वतःला दिले. मी आळस केला, एवढेच. आपल्या यादीत असा जो कोणी असेल त्याच्यापासून लिहायला सुरुवात करा, म्हणजे शेवटी थकून तो राहणार नाही.

राहिला ‘प्रॉक्सी’. हा चार आवाजांत “येस सर” म्हणू शकत असे: एक घोगरा, एक सर्दी झालेला, एक घाईत धावत आल्यासारखा आणि एक मुलीचा, जो फक्त अत्यंत निकडीच्या वेळी काढला जाई. अख्ख्या वर्गाचे हजेरीक्रमांक त्याला पाठ होते. पण दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावण्याच्या नादात त्याचा स्वतःचा क्रमांक येऊन जाई आणि हा पुढच्या आवाजासाठी घसा तयार करत बसे. परिणामी ज्यांना त्याने ७५ टक्क्यांच्या वर नेले ते परीक्षेला बसले आणि हा स्वतः हजेरी भरून काढण्यासाठी सुट्टीत, रिकाम्या वर्गात, एकटा बसला. हे मी छापले तेव्हा आमचे एक निवृत्त सर म्हणाले, की तो सर्दी झालेला आवाज मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. वर्षभर एकाच मुलाला सर्दी राहते म्हणून मीच त्याला एकदा नाक-कान-घशाच्या ओपीडीत पाठवणार होतो.

गेल्या जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू असताना, दहा वर्षांनी आम्ही सोलापुरात जमलो. निम्मेच येऊ शकले. जेवणाआधी कोणीतरी हजेरी घ्यायची टूम काढली आणि प्रॉक्सीने वही न घेता पहिल्या क्रमांकापासून नावे पुकारायला सुरुवात केली. जो हजर होता तो ओरडे. जो नव्हता त्याच्यासाठी प्रॉक्सी त्याच्याच २००९ च्या, पहिल्या वर्षाच्या आवाजात “येस सर” म्हणे, आणि दर खेपेला ताटे वाजत. ग्लॅबेला तेव्हा परदेशातल्या रुग्णालयात ड्यूटीवर होता व फोनवर दिसत होता. त्याचे नाव आले तेव्हा तो उत्तर द्यायला तोंड उघडतच होता, पण त्याच्या आधी प्रॉक्सीने त्याची हजेरी लावूनही टाकली होती. ज्याचे चित्र राहिले होते तो माझ्या शेजारी बसला होता. त्याचा क्रमांक आला तेव्हा तो आमटी वाढून घेत होता, म्हणून मी “येस सर” म्हणालो. “हा आवाज त्याचा नाही,” प्रॉक्सी म्हणाला, आणि त्याने त्याचे नाव पुन्हा पुकारले.